बघू

सकाळी कॉम्प्युटर सुरू केला तेव्हा नेहमीची दोन वर्तुळं दिसायच्या आधी पडद्यावर एक निळी चौकट आली आणि काही केल्या हलेना. जिन्यातल्या बंद दिव्याबद्दल इमारतीच्या चिटणिसाला लिहायचं सणसणीत पत्र त्याच्या डोक्यात अगदी तयार होतं. मायना, पहिला परिच्छेद, शेवटचा टोमणा, सगळं. त्या चौकटीने त्याचा विचका केला. 'आपल्या प्रणालीची ही आवृत्ती जुनी झाली असून यापुढे तिला समर्थन मिळणार नाही,' असं तिच्यात लिहिलं होतं. समर्थन म्हणे. जसं काही यानेच ठराव मांडला होता आणि कुणी हात वर करेना. त्याने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. सगळी हयात पाणीपुरवठ्याच्या कचेरीत दुसऱ्यांचे मसुदे दुरुस्त करण्यात गेलेली. मजकूर कितीही अपमानाचा असला तरी आधी त्याचं व्याकरण तपासायचं, ही खोड काही जात नव्हती. खाली दोन बटणं होती. एकावर 'आता अद्ययावत करा' आणि दुसऱ्यावर 'नंतर आठवण करा'. आठवण करून देऊ, असं म्हणायचं असणार बिचाऱ्यांना. पण लिहिलं होतं ते असं, की आत्ता राहू दे, नंतर बसून आठवण कर. कुणाची, ते लिहिलं नव्हतं. त्याने दुसरं बटण दाबलं. चौकट गेली, पण पत्रातला टोमणा काही परत आठवला नाही.

मग वर्तुळं आली. डावीकडे त्याचं, उजवीकडे मुलीचं. मुलगी घर सोडून गेली त्याला पुष्कळ वर्षं झाली होती, तरी रोज सकाळी ती दोन वर्तुळं शेजारी शेजारी उगवत. कॉम्प्युटर घरात आला तेव्हा तिनेच सगळी मांडामांड केली होती. खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती, केस ओले, खांद्यावर टॉवेल. 'हे माझं,' म्हणून तिने एका वर्तुळाखाली 'खारू' लिहिलं. लहानपणी गालात घास धरून घरभर हिंडायची म्हणून तिला सगळे खारूच म्हणत. चित्रही तिने खारीचंच लावलं. 'आणि हे बाबांचं,' म्हणून दुसऱ्याखाली लिहिलं, 'बघू'. बायको तोंडावर हात धरून हसली. तोही हसला, कारण न हसून करतो काय. 'अगं, नीट नाव लिही,' तो म्हणाला. 'बरं, नंतर बदलू या का?' मुलीने विचारलं. 'बघू,' तो म्हणून गेला, आणि मायलेकी हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. हसणं ओसरल्यावर मुलगी म्हणाली, 'आई, तुझं काढू का एक?' 'मला मेलीला कशाला हवंय वेगळं,' बायको म्हणाली, 'मी बसेन तुझ्यातच.' नाव मग तसंच राहिलं. आपल्याच घरातल्या यंत्राने आपल्याला रोज टोपणनावाने हाक मारावी, याची माणसाला सवय होते.

पण बघू या शब्दात एवढं हसण्यासारखं काय आहे, हे त्याला आजतागायत कळलेलं नव्हतं. या एका शब्दावर तो साध्या कारकुनाचा अधीक्षक झाला होता. नव्या नळजोडणीचे अर्ज त्याच्या टेबलावर येत, अर्जांमागोमाग माणसं येत, कुणी तणतणत, कुणी गयावया करत. तो कुणालाच नाही म्हणत नसे. नाही म्हटलं की माणूस भांडतो, वर जातो, आपल्या नावाने शंख करतो. हो म्हटलं आणि उद्या नळाला पाणी आलं नाही की आपली मान अडकते. मधली जागा सगळ्यात सुरक्षित. कागदाच्या कडेला तो बारीक अक्षरात लिही, 'तपासून फेरसादर करावे'. फेरसादर म्हणजे पुन्हा घेऊन या. कागद खाली जाई, तपासला जाई, पुन्हा वर येई. तोवर ऋतू पालटलेला असे, कधी कधी अर्जदाराने घरच बदललेलं असे आणि प्रश्न आपोआप निकालात निघे. निरोपाच्या समारंभात वरिष्ठ म्हणाले होते, 'यांनी कधी कुणाला दुखावलं नाही.' त्यावर मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं होतं. खोकलं होतं की हसू दाबलं होतं, यावर त्याने नंतर बराच काळ विचार केला. एवढं करून शेवटी माणसांनी असंच वागायचं.

चौकट रोज यायला लागली. तो रोज 'नंतर' दाबायचा आणि दिवसाची सुरुवातच कडू व्हायची. आश्चर्य म्हणजे बायकोच मागे लागली. ती कधी कॉम्प्युटरला हात लावायची नाही. धूळ पुसायची तेवढीच. 'करून घ्या ना ते एकदाचं नवीन,' ती भाजी चिरता चिरता म्हणाली. 'तुला काय करायचंय त्याचं?' त्याने विचारलं. 'मला काय करायचंय! मेलं रोज ते निळं येतं आणि दिवसभर तुमचं तोंड चढलेलं.' तो म्हणाला, 'बघू.' ती भाजी चिरत राहिली. काही दिवसांनी पुन्हा म्हणाली, या वेळी भाजी वगैरे काही हातात नव्हतं, नुसतीच समोर येऊन उभी राहिली. 'सगळं बंद पडायच्या आधी विचारावं म्हटलं,' म्हणाली. तेव्हाही तो बघूच म्हणाला, पण नंतर स्वतःच दुरुस्तीवाल्याला बोलावून आणलं. निर्णय घ्यायचा नाही, पण चौकशी करून ठेवायला काय हरकत आहे. चौकशी करण्यात तर त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

दुरुस्तीवाल्याला इमारतीत सगळे डॉक्टर म्हणत, कारण तो बॅग घेऊन यायचा आणि आल्या आल्या मान हलवायचा. याही वेळी त्याने हलवली. 'साहेब, नवीन बसेल, पण जागा नाही,' तो म्हणाला. 'डिस्क गच्च भरलीय. मोठी टाकावी तर या जुन्या यंत्राला चालेल अशी आता मिळत नाही. मग एकच होतं. दोन खाती आहेत ना यात? त्यातलं एक सगळ्या सामानासकट उडवायचं. तुमच्यात तर पत्रंबित्रं आहेत. हे खारीवालं कुणाचं? चालू आहे?' 'मुलीचं होतं,' तो म्हणाला. 'ती नसते इथे. कुलूप लावून गेलीय.' 'मग झालंच की. हे उडवू.' आणि त्याने काही म्हणायच्या आत स्वयंपाकघराच्या दारातून बायको म्हणाली, 'ते नको.' केवढ्यांदा म्हणाली. हातातलं फडकं तिने मुठीत आवळलं होतं. डॉक्टरने एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं आणि बॅग बंद केली. 'ठरवा मग तुम्ही,' तो म्हणाला, 'पण लवकर ठरवा. एकेक गोष्ट बंद पडत जाणार यातली. आधी चित्र, मग आवाज, मग काय ते.'

डॉक्टर गेल्यावर तो खुर्चीत टेकला. त्याला गलबलून आलं होतं. ते नको, असं तो स्वतः म्हणणारच होता. निदान मनात तरी तेच होतं. बायको म्हणाली म्हणून त्याला म्हणावं लागलं नाही. इतक्या वर्षांत मुलीबद्दल त्यांच्यात सरळ बोलणं असं झालंच नव्हतं, आणि आता एकाएकी कळलं की तीही रोज पडद्यावरच्या त्या खारीची चाहूल घेत असणार, तिलाही ते वर्तुळ जावंसं वाटत नाही. एकाच बंद दाराची राखण दोघं दोन बाजूंनी करतोय, असं त्याच्या मनात आलं, आणि त्या संध्याकाळी त्याने न मागता तिला चहा करून दिला. ती चहाकडे बघत राहिली. 'काय झालं तुम्हाला?' म्हणाली. 'काही नाही,' तो म्हणाला. तिने कप उचलला, पण तिचं चहात लक्ष नव्हतं.

बंद दार, हे तो उगीच म्हणत नव्हता. मुलगी गेल्यानंतर एकदा चुकून त्याचा हात त्या वर्तुळावर पडला होता. खार मोठी झाली, तिच्याखाली एक पांढरी पट्टी उघडली आणि त्या पट्टीत एक उभी रेघ लुकलुकत राहिली, सांग, सांग, सांग अशी. त्याने दचकून यंत्रच बंद केलं. म्हणजे पासवर्ड. बापाच्या घरात, बापाने आणलेल्या यंत्राला मुलीने आतून कडी घातली. ही गोष्ट त्याने मनाला लावून घेतली, आणि खरं सांगायचं तर जपून ठेवली. भावाकडे गेला की सांगायचा, जुन्या सहकाऱ्याला फिरायला जाताना सांगायचा. 'जाते तर जा म्हणावं, पण कुलूप? आम्ही काय चोर आहोत?' ऐकणारा च्‌ च्‌ करायचा. तेवढ्याने त्याला दोन दिवस बरं वाटायचं. बोलत नाही, लिहीत नाही, आईशी कधीमधी दोन शब्द फोनवर बोलते म्हणे, विम्याच्या कुठल्याशा कचेरीत आहे म्हणे. एवढंच त्याला माहीत होतं, आणि तेही बायकोने ओट्याकडे तोंड करून सांगितलेलं. पण रात्री दिवा मालवताना मात्र त्या कुलपाचा त्याला एक वेगळाच आधार वाटायचा. कुलूप आहे म्हणजे आत काहीतरी आहे. काहीतरी ठेवून गेलीय म्हणजे अजून पुरती गेलेली नाही.

तिला व्हायोलिनं दुरुस्त करायला शिकायचं होतं. वाजवायला नव्हे, वाजवायला म्हटली असती तर निदान चार लोकांत सांगता आलं असतं. शाळेतलं एक फुटकं व्हायोलिन ती घरी घेऊन आली आणि जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्याची पाठ सोडवत बसली. घरभर लाकूड चिकटवायच्या सरसाचा वास. त्याच्या जेवणात तो वास यायचा. दूरच्या एका गावात हे काम शिकवणारी एक जुनी कार्यशाळा होती, तिथे मोजक्या मुलांना घेत, आणि तिला घेतलं होतं. फक्त घरच्यांनी हो म्हणायला हवं होतं. 'बाबा, विचार केलात का?' ती सकाळी चहाच्या वेळी विचारायची. 'बघू,' तो म्हणायचा. त्याच्या मनात नाही नव्हतं. कुणी शपथ घालून विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं, नाही नव्हतं. त्याला फक्त दिसत होतं की हो म्हणावं तर ही इतक्या लांब जाणार, आणि उद्या काही झालं तर तू हो म्हणालास, असं लोक म्हणणार. आणि ही जाणार. पुन्हा पुन्हा तो जाण्यावरच येऊन अडखळायचा. तिने विचारलं, तिने आईकडून विचारवलं, एकदा तर गमतीने गंभीर चेहरा करून म्हणाली, 'साहेब, फेरसादर केलंय.' तोही हसला. मग एका सकाळी ती चहाला आली आणि काही विचारलंच नाही. त्याला सुटल्यासारखं वाटलं. बऱ्याच उशिराने बायकोकडून कळलं की ती जागा दुसऱ्या कुणाला तरी गेली होती.

पुढच्या वर्षी ती निघाली, कुठे नोकरी मिळाली म्हणून. नोकरीला कोण नको म्हणणार, आणि या वेळी तिने विचारलंही नव्हतं, नुसतं सांगितलं. निघताना मात्र दारात उभी राहून म्हणाली, 'स्टेशनवर येताय का?' तो चिटणिसाला पत्र लिहीत होता; तेव्हा बहुतेक पाण्याच्या टाकीबद्दल होतं. 'बघू,' तो म्हणाला. बघू म्हणजे येतच होतो, वाक्य पुरं करून उठणार होतो. बूट घातले, नाडीची गाठ नेहमीसारखी अडली, ती सोडवली, जिन्यापर्यंत गेला. खाली गाडीचं दार लागल्याचा आवाज झाला. तो बूट घालून जिन्यापर्यंत गेला होता, हे आजवर कुणालाही माहीत नव्हतं. कुणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. आपल्याबद्दलच्या चांगल्या गोष्टी नेमक्या अशा ठिकाणी घडतात की साक्षीला कुणी नसतं, असं त्याला वाटे, आणि मग साऱ्या जगाचाच राग येई.

तेव्हा आता प्रश्न साधा होता. नवीन घ्यायचं तर ते वर्तुळ पुसायचं. वर्तुळ ठेवायचं तर यंत्राला हळूहळू मरू द्यायचं, एकेक अवयव बंद पडत. वर्तमानपत्राचं पान आताच उघडेनासं झालं होतं. आपलं तरी काय वेगळं चाललंय, असं म्हणून तो स्वतःशीच हसला. मरू दे. एवढं एक करू आपण तिच्यासाठी. तिला कधी कळणार नाही, तरी करू. या निश्चयाने त्याला बरं वाटलं, जरा जास्तच बरं वाटलं. आणि निश्चय तरी कसला, रोज सकाळी 'नंतर' दाबायचं, इतकंच तर होतं.

दुपारी जेवण झाल्यावर बायकोने नेहमीसारखा पंखा लावला, पडदा ओढला आणि म्हणाली, 'झोपा हं.' रोज म्हणायची. त्या दिवशी तिचा दात ठणकत होता, दवाखान्यातून मधेच बोलावणं आलं म्हणून ती घाईने निघाली. दारातून परत येऊन पुन्हा म्हणाली, 'मी येतेच. तुम्ही झोपा मात्र.' त्याला झोप लागली नाही. घर रिकामं असलं की त्यात किती आवाज असतात. फ्रिज सुरू होऊन थांबला. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढली. तो उठला, बैठकीच्या खोलीत आला, कॉम्प्युटर सुरू केला. निळी चौकट. नंतर. दोन वर्तुळं. आणि आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून त्याने खारीवर बोट ठेवलं. पट्टी उघडली. रेघ लुकलुकायला लागली. तिचं नाव घालावं? आईचं नाव? त्या कार्यशाळेच्या गावाचं नाव? ते त्याला आठवेना. कोणता शब्द ती कुलूप म्हणून निवडेल? तिला कोणतं गाणं आवडायचं, कोणता रंग, शाळेतल्या मैत्रिणीला काय म्हणायची ती? तो बसून राहिला. एकही शब्द सुचला नाही. कोऱ्या कागदावर सही करावी तसं त्याने रिकाम्या पट्टीवरच बटण दाबलं, आता नाही म्हणेल, चूक म्हणेल, या तयारीने. पट्टी मिटली. दार उघडलं.

कुलूप नव्हतंच. कधीच नव्हतं. समोर एक साधा निळसर पडदा होता, त्यावर काही नाही. एक कचऱ्याचा डबा, एक पत्त्यांचा खेळ, कोपऱ्यात घड्याळ. अक्षरं मात्र चांगली ठळक करून ठेवलेली, म्हाताऱ्या डोळ्यांना सोयीची. मुलीला अक्षरं ठळक कशाला लागतात? त्याच्या डोक्यात हे पुरतं उतरायच्या आतच यंत्र वाजायला लागलं. पडद्याच्या मधोमध मोठं हिरवं बटण थरथरत होतं. त्याने ते थांबवायला म्हणून दाबलं. 'आपल्या आवृत्तीवर चित्र दाखवता येत नाही,' अशी पाटी आली, आणि पाटीमागून आवाज.

'आई? दिसत नाहीयेस गं. झालं वाटतं बंद. बघ, म्हटलं होतं ना मी!' आवाज जरा जाड झाला होता. बाकी तीच. 'ऐकू येतंय ना? दात काय म्हणतोय? थांब, हात पुसते, वार्निश लागलंय सगळं. ते जुनं व्हायोलिन पुरं झालं एकदाचं, पाठ बसली झकास. तुला दाखवायचं होतं तर नेमकं आजच चित्र गेलं.' फडक्याचा आवाज, कसलीशी बाटली ठेवल्याचा आवाज. विम्याच्या कचेरीत बाटल्या नसतात. 'मग? विचारलंस का पुन्हा? काय म्हणाले आमचे बघूसाहेब?' आणि ती हसली. तेच ते हसणं, टॉवेल खांद्यावर टाकून हसलेलं. 'सांगूच नकोस, मला माहितीय. अगं, तू विचारत कशाला बसतेस? दाबून टाक सरळ. मीही पुढच्या वर्षी पुन्हा विचारत बसले असते ना, तर आज अजून चहाच पीत बसले असते तुमच्याकडे.'

म्हणजे ती गेली होती. नोकरीला नव्हे, त्या कार्यशाळेतच गेली होती, पुढच्या वर्षी, त्याला न विचारता. त्याच्या हो वाचून काहीच अडलं नव्हतं. इतकी वर्षं तो ज्या अपराधाला जपत होता, कुणाला न सांगता उराशी धरून होता, तो सुद्धा तिने त्याच्याकडे ठेवला नव्हता. त्याचा घसा खवखवला. तो खोकला.

पलीकडचा फडक्याचा आवाज थांबला. 'बाबा?' ती म्हणाली.

हो म्हणायचं होतं. एक अक्षर. कुणी काही मागितलं नव्हतं, परवानगी नको होती, सही नको होती. फक्त मी आहे, एवढं सांगायचं होतं. त्याने तोंड उघडलंही. त्या पाटीकडे बघून काय बोलायचं असतं? आधी बुटांचं सांगावं का? जिन्यापर्यंत आलो होतो, हे कुठून सुरू करायचं? मजकूर त्याच्या डोक्यात जुळेना, मायनाच जुळेना. ती थांबली. बरीच थांबली. मग तिचा आवाज बदलला, कचेरीत येणारी माणसं शेवटी जशी बोलत तशी ती नीट, अदबीने बोलली. 'आई आली की सांगा. मी नंतर करते.' हिरवं बटण गेलं.

बायको आली तेव्हा तो तिथेच बसला होता. तिने गालावर रुमाल धरला होता. पडद्याकडे बघून तिने रुमाल खाली घेतला, चप्पल काढायची विसरली. 'झोपला नाहीत?' म्हणाली. 'याला कुलूप नव्हतं,' तो म्हणाला. 'कधीच नव्हतं. तू सांगितलं नाहीस.' 'काय सांगायचं? तुम्ही गावभर कुलूप कुलूप करत होतात. एकदा दाबून बघितलं असतं तर उघडलं असतं.' तिचं तोंड बधिर होतं, शब्द बोबडे येत होते, तरी ती थांबली नाही. 'रोज दुपारी तेवढंच माझं होतं. तुम्ही झोपलात की. तेही बंद पडायला आलं, म्हणून विचारलं. एकदा विचारलं, पुन्हा विचारलं. तुम्ही काय म्हणालात?' त्याने पडद्याकडे बघितलं. 'ती बोलली का तुमच्याशी?' 'हो,' तो म्हणाला. 'आणि तुम्ही?' पंखा आतल्या खोलीत रिकाम्या पलंगावर फिरत होता. ती उत्तराची वाट न बघता आत गेली. ते नको, असं ती त्या दिवशी का ओरडली, ते आता त्याला कळलं, आणि आपण तिला चहा करून दिला होता ते आठवून त्याला स्वतःची शरम वाटली, आणि शरमेहून जास्त तिचा राग आला. दोघींनी मिळून त्याला बाहेर ठेवलं होतं. कडी न लावता.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः जाऊन डॉक्टरला आणलं. 'ठरलं का साहेब?' 'ठरलं.' 'उडवू मग हे खारीवालं?' 'नाही,' तो म्हणाला. 'दुसरं काढा. बघू.' 'बघू काय? आता काय बघायचंय?' डॉक्टर वैतागला. 'बघू नाव आहे ते. ते काढा.' डॉक्टरने मान हलवली. 'अहो, ते तुमचं. सगळी पत्रं जातील. एकदा गेली की माझा बापसुद्धा परत आणू शकणार नाही.' 'काढा म्हटलं ना.' बायको दारात होती. फडकं हातात, पण आवळलेलं नव्हतं. पडद्यावर पाटी आली, 'हे खाते कायमचे हटवायचे आहे का?' डॉक्टरने माऊस त्याच्या पुढे सरकवला. असल्या गोष्टीला तो स्वतः हात लावत नसे. 'हो' आणि 'नाही', दोनच बटणं होती. नंतर नव्हतं. त्याने 'हो' दाबलं. जिन्यातला दिवा, टाकी, गळकं छप्पर, चिटणिसाला लिहिलेला सगळा शहाणपणा एका दमात गेला, आणि काही झालं नाही. दुपारपर्यंत नवीन प्रणाली बसली. पडदा कसा स्वच्छ, आणि मधोमध एकटीच खार.

जेवताना बायकोने त्याला वाढलं, स्वतःला वाढून घेतलं. मग ताटावरून नजर न उचलता म्हणाली, 'दुपारी ती करेल. आता चित्रही दिसेल म्हणतात. बसाल का?' घास त्याच्या गालातच राहिला. तिने वर बघितलं. तिच्या डोळ्यांत कितीतरी वर्षांनी काहीतरी होतं, मागणं नव्हे, पण जवळपासचं. त्याला बसायचं होतं. त्याच्या मनात नाही नव्हतं. तो पाणी प्यायला, त्याने घसा मोकळा केला, आणि तोंडातून जे जायचं तेच गेलं.

'बघू.'

तिने शेवटचा घास संपवला. मग ताटं उचलली, ओटा पुसला, आत येऊन पंखा लावला, पडदा ओढला. 'झोपा हं,' म्हणाली आणि दार लोटून घेतलं. तो उताणा पडून राहिला. बाहेर यंत्र वाजलं. खुर्ची सरकली. पायात बूट नव्हते, गाठ अडायला नाडी नव्हती, मधे फक्त एक लोटलेलं दार होतं. पलीकडून मुलीने काहीतरी विचारलं. काय ते ऐकू आलं नाही, पण बायकोचं उत्तर ऐकू आलं.

'हो गं,' ती म्हणाली, 'झोपले.'

त्याने डोळे मिटून घेतले.